व्यक्तिस्वातंत्र्य कुणाच्या बापाचं?

मिरजकर: कृष्णाकाठ यांनी काल लिहिलं की व्यक्तिस्वातंत्र्य ही पश्चिमेची देणगी, इस्लामला ते पचायचं नाही. वाचून डोकं फिरलं. तुर्कस्तानात बायकांना संसदेसाठी मत १९३४ ला मिळालं, फ्रान्सात १९४४ ला. स्वित्झर्लंडला तर १९७१ उजाडलं! त्याच फ्रान्सने २००४ ला कायदा करून शाळेतल्या पोरींचे स्कार्फ उतरवले. शिखांच्या पोरांची पगडीही गेली. हे स्वातंत्र्य?

कृष्णाकाठ: तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्ष अतातुर्कने धर्म बाजूला सारून केलं ते. म्हणजे मुद्दा माझाच झाला. २०२२ ला इराणात हिजाब नीट नाही म्हणून पोलिसांनी धरलेली महसा अमिनी कशापायी गेली, ते का गाळलं?

मिरजकर: गाळलं नाही, चीडच आहे. पण रस्त्यावर उतरलेल्या पोरी इराणच्याच होत्या ना? ट्युनिशियात तिथले नेते बुर्गिबांनी १९५६ ला बहुपत्नीत्व बंद केलं, तेही कुराणाचाच दाखला देऊन.

वांग्याचं भरीत: फ्रान्स राहू द्या, सांगलीत विश्रामबागला फ्लॅट भाड्यानं मिळवून दाखवा. मालकानं किल्ली कुलपात घातली होती. नाव विचारलं, मी ‘शेख’ म्हटलं. किल्ली तशीच बाहेर काढून खिशात. "पाव्हणं यायचेत आमचे."

तासगावकर: आम्ही मराठा, तरी नाही मिळाला. बुधवारी सुकट भाजली म्हणून अकरा महिन्यांचा करार चौथ्यात मोडला. उगीच धर्म आणू नका.

वांग्याचं भरीत: तुम्हाला सुकटीनंतर काढलं दादा. मला चूल पेटायच्या आधीच.

तासगावकर: घर ज्याचं, मर्जी त्याची. हेपण व्यक्तिस्वातंत्र्यच की!

माहुली: वा, मग पोरीनं लग्न कुणाशी करायचं ही मर्जी कुणाची? तिथं लगेच भावकी आठवती. आमच्या साताऱ्याच्या दाभोलकरांना २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या, ते काय बोलण्याचं स्वातंत्र्य पचलं म्हणून?

कृष्णाकाठ: आलं, दाभोलकर आलेच! इस्लामवर बोट ठेवलं की तुमची गाडी हिंदूंकडं वळती. हमीद दलवाईंनी १९६६ ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. तेव्हा तुमचे पुरोगामी किती होते मागं?

मिरजकर: फार नव्हते. घ्या, दिला हा मुद्दा, फ्रेम करून लावा. पण दलवाई चिपळूणकडचे, पॅरिसचे नव्हेत. मग देणगी पश्चिमेची कशी?

तासगावकर: ते जाऊ द्या. शेखभाऊ, घर मिळालं का शेवटी?

वांग्याचं भरीत: मिरजेत. मालक लिंगायत, मटणाला बंदी. पण नाव विचारलं नाही, डिपॉझिट तेवढं विचारलं.