मदत हवी आहे : औषधाचा पांढरा कुडा कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात आमची थोडी वरकस जमीन आहे. यंदा पावसाआधी तिथे काजू लावायचं घाटतंय आणि भावाने जेसीबीवाल्याला सांगूनही ठेवलंय. सफाईत जी झाडं जाणार त्यात कुड्याची बरीच आहेत. थोडी तरी राखावीत असं माझ्या मनात आहे. पण कोणती राखायची हे जेसीबी बांधावर येण्याआधी मला ठरवायला हवं.

आजी होती तोवर हे तिच्याकडेच असायचं. घरात कुणाला आव पडली की ती कुड्याचं पाळ म्हणजे मूळ काढून आणायची, सहाणेवर ताकात उगाळायची आणि वाटीच्या तळाला जेमतेम लागेल एवढंच द्यायची. कडूजहर. बाळगुटीतही त्याचे एक-दोन वळसे असत.

अडचण अशी की जमिनीत दोन जातींची झाडं दिसतायत. पान तोडलं की दोन्हींना चीक येतो, दोन्हींना पांढरी वासाची फुलं, दोन्हींच्या शेंगा जोडीने. वाडीतले एक काका म्हणतात सगळा कुडाच, दुसरे म्हणतात वरच्या अंगाचा काळा कुडा, तो औषधाला चालत नाही.

दुसरं म्हणजे बाबांचं. वय ६८, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. हल्ली जेवण झालं रे झालं की त्यांना जावं लागतं, त्यामुळे लग्नकार्यालाही यायला तयार नसतात. त्यांना कुडा द्यावा असं घरात सगळ्यांचं मत. काष्ठौषधीच्या दुकानातून कुडासाल आणली, पण ती जिभेला लावून पाहिली तर आजीच्या पाळाच्या पासंगालाही पुरत नाही. साल आपणच काढायची तर कधी आणि कशी काढतात, किती द्यायची, जाणकारांनी सांगावं.

— काजूबाग

*

काजूबाग, आत्ता मे अखेर आहे, झाडं फुलावर असतील, तेव्हा ओळख सोपी आहे. एक फूल तोडा आणि मधोमध बघा. पांढऱ्या कुड्याच्या पाच पाकळ्या आणि मध्ये नुसती नळी, तोंडाशी काहीही नाही. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध पांढऱ्या तंतूंची झालर असते, ती नुसत्या डोळ्यांना दिसते. एकदा पाहिली की पुन्हा विचारावं लागत नाही.

शेंगांवरूनही कळतं. पांढऱ्याच्या शेंगा देठाशी जोडलेल्या पण खाली सुट्या लोंबतात, वीत-दीड वीत लांब आणि पेन्सिलीपेक्षा बारीक. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं चिमट्यासारखी एकमेकांना चिकटलेली असतात, वाळताना सुटतात. पान मोठं आणि रुंद असेल तर बहुतेक पांढरा. काळ्याचं पान लहान, आणि वाळलं की निळसर काळं पडतं. त्या पानांपासून पूर्वी नीळ काढत. चिकावर मात्र जाऊ नका, तो दोघांनाही आहे.

तांबडा कुडा म्हणून तिसराही एक असतो. त्याच्या दोन शेंगा लांबीभर एकमेकींना चिकटून एकच झालेल्या आणि वरून खरखरीत ठिपकेदार. तुमच्या वर्णनात तो दिसत नाही.

जाता जाता, पांढऱ्याची फुलं मिळताहेत तर भाजी करून घ्या. फुलं उकळायची, पाणी ओतून द्यायचं, घट्ट पिळायची, मग कांदा, हिरवी मिरची आणि वरून ओलं खोबरं. पिळण्यात कंजुषी केलीत तर घरचे पुन्हा तोंड लावणार नाहीत. पावसात कोवळ्या शेंगांचीही अशीच होते.

— रानमेवा

*

ओळखीचं वर आलंच आहे, मी बाबांबद्दल लिहिते. आधी त्यांच्या गोळ्यांचं पाकीट बघा. त्यात मेटफॉर्मिन असेल तर जेवणानंतर पोट मोकळं होणं हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास आहे, खास करून डोस वाढवल्यावर. त्यावर कुडा उगाळण्यात काही अर्थ नाही. गोळी कशी, कधी घ्यायची किंवा वेगळ्या प्रकारची घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. सोबत शौचाची तपासणी करून घ्या. वजन उतरत असेल, रक्त पडत असेल, रात्री झोपेतून उठावं लागत असेल तर घरी काहीही करत बसू नका.

कुडा गुणाचा आहे, त्यात वाद नाही. सालीत कोनेसीन नावाचं अल्कलॉइड असतं, ते आवेच्या अमिबावर चालतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ॲलोपथीचे डॉक्टरसुद्धा कुर्ची या नावाने ही साल आवेवर देत होते. पण तो थांबवणारा आहे. पोटात आम म्हणजे न पचलेलं असताना पहिल्याच दिवशी जुलाब बांधून टाकू नयेत हे आयुर्वेदही सांगतो. मधुमेहाची गोळी चालू असताना इंद्रजव म्हणजे त्याच्या बियाही आपल्या मनाने सुरू करू नयेत, लोक त्या साखर उतरवायला घेतात. गरोदर बाई आणि तान्हं मूल असेल तर घरगुती कुडा नकोच. आजीच्या हाताला अंदाज होता, सहाण आपल्याकडे आली तरी तो अंदाज येत नाही. वैद्याने सांगितलंच तर कुटजारिष्ट किंवा कुटजघनवटी (कुटज म्हणजे कुडाच) मिळते, तिचं माप ठरलेलं असतं.

दुकानातल्या सालीचं म्हणाल तर पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्याची भेसळ ही जुनी गोष्ट आहे. बियांचंही तेच. कडू इंद्रजव पांढऱ्याचे, गोडे इंद्रजव काळ्याचे. साल फिकी लागली म्हणजे बहुधा तुम्हाला काळ्याचीच मिळाली.

— वैद्य (सांगली)

*

वैद्यताईंना +१. फक्त साल काढण्याबद्दल लिहितो, कारण यातच झाडं मरतात. बुंध्याला चौफेर साल सोलली की झाड गेलंच. अंगठ्याएवढ्या फांद्या छाटायच्या आणि त्यांची सोलायची, झाड पुन्हा फुटतं. पाळ हवं असेल तर एका बाजूचंच उकरा, खड्डा लगेच बुजवा.

पुटपाक मी लहानपणी बघितलाय, तो सांगायचा मोह आवरत नाही. ओली साल तांदळाच्या धुवणात वाटायची, गोळा जांभळीच्या पानांत गुंडाळून दर्भाने बांधायचा, वर बोटभर माती लिंपायची आणि निखाऱ्यात घालायचा. माती लाल झाली की काढायचा, फोडायचा, आतला गोळा फडक्यात पिळून जो रस निघेल त्यात थोडा मध. ग्रंथात आहे अगदी तसाच आमच्या शेजारचे वैद्यबुवा करायचे. माती कुठे तडकली तर गोळा फेकून देत, पुन्हा दुसरा बांधत. रस किती द्यायचा हे मात्र तेच ठरवत, त्यामुळे घरी करून बघा असं मी म्हणणार नाही.

— घाटमाथा

*

सगळ्यांचे आभार. काल जाऊन फुलं बघितली. वहाळाच्या कडेची झाडं बिनझालरीची, मोठ्या पानांची. वरच्या अंगाला जी आहेत त्यात झालर अगदी स्पष्ट. दुसरे काका बरोबर निघाले, पहिले काका आता म्हणतात मी तेच सांगत होतो. भावाला दाखवलं, वहाळाची बाजू सोडायला तो तयार आहे.

बाबांच्या पाकिटावर मेटफॉर्मिनच आहे आणि डोस मध्यंतरी वाढवला होता. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तोवर त्यांना कुडा नाही.

आता भावाचं म्हणणं, वरचा काळा कुडा कशाला ठेवायचा? आणि पांढऱ्याचं बी धरायचं तर कधी?

— काजूबाग

*

भावाला सांगा की चन्नपट्टणची लाकडी खेळणी मुळात या काळ्या कुड्याच्या लाकडाची. पांढरं, मऊ, कातायला सोपं. तमिळनाडूत त्याची पानं खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवतात, तेल जांभळं होतं आणि सोरायसिसला लावतात. सगळी नको असतील तर बांधावरची तरी ठेवा, काजूच्या आड येत नाहीत.

बी थंडीत धरायचं. शेंगा तपकिरी होऊन तडकायला लागल्या की बियांना रेशमासारखे केस असतात, वारा आला की म्हाताऱ्या उडाल्या, हाती काही लागत नाही. म्हणून तडकण्याआधीच शेंगेला जुन्या ओढणीचा तुकडा बांधून ठेवायचा. बी कोरड्या जागी ठेवा, पावसाच्या तोंडावर पिशवीत पेरा. तेवढी वाट बघायची नसेल तर मोठ्या झाडाच्या मुळांना फुटवे येतात का बघा. पहिले दोन पाऊस झाले की मुळाच्या तुकड्यासकट उचलून लावता येतात. जेसीबीवाल्याला तेवढं सांगून ठेवा की वहाळाच्या बाजूची माती ओढू नको.

— रानमेवा