चर्चचा पैसा धर्मादाय संस्थेच्या शिस्तीनेच चालायला हवा, पाळकांच्या भरवशावर नाही

तिसरा बाक (धागाकर्ता):
माझं मत आधीच सांगून टाकतो. लोक दानार्पण करतात ते पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना नाही, पंच कमिटीलाही नाही, देवाच्या कामाला देतात, आणि ते काम होईपर्यंत पैसा ज्यांच्या हातात असतो ते फक्त सांभाळणारे. विश्वस्त म्हणजे दुसरं काय? मग इतर धर्मादाय संस्थांना जे नियम ते चर्चला लागू झाले तर बिघडलं कुठे. पाळकांनी एकट्याने चेकवर सही करू नये. त्यांचा पगार ठरतो तेव्हा त्यांनी खोलीबाहेर थांबावं, बायको किंवा भाऊ कमिटीवर असेल तर त्यांनीही. छपरासाठी गोळा केलेला पैसा छपरालाच लागावा. आणि वर्षाचा हिशेब सगळ्या मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सभासदांसमोर नीट मांडावा, लोक चपला शोधायला लागलेत तेव्हा पाच मिनिटांत वाचून दाखवणं याला हिशेब देणं म्हणत नाहीत.

सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. २०१५ मध्ये तिथले संस्थापक पाळक काँग ही आणि आणखी पाच जण दोषी ठरले, जवळपास ५ कोटी सिंगापूर डॉलरचं प्रकरण. इमारत निधीतला पैसा बोगस रोख्यांतून पाळकांच्या पत्नीच्या पॉप गायनाकडे वळवला, आणि मग ते झाकायला आणखी पैसा फिरवला. हा सुवार्तेचाच, म्हणजे येशूचा संदेश पसरवण्याचाच भाग आहे असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याने इमारतीसाठी म्हणून पैसे दिले त्याला कुणी विचारलं होतं का?

रानवारा:
तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातंय. ते चर्च नोंदणीकृत धर्मादाय संस्थाच होतं ना? बोर्ड होतं, ऑडिटर होते, सगळे कागद होते, तरी झालंच. नियमांनी माणूस प्रामाणिक होत नाही हो.

आणि सरकारला एकदा आत घेतलं की ते फक्त वह्या बघून परत जात नाही. इंग्लंडमध्ये प्रेस्टन डाउन ट्रस्टचं काय झालं ते बघा. ब्रेदरन या ख्रिस्ती पंथाची मंडळी, २०१२ मध्ये चॅरिटी कमिशनने, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी कार्यालयाने नोंदणी नाकारली, का तर त्यांच्या पंथाच्या रीतीमुळे बाहेरच्या लोकांना काय फायदा ते दिसत नाही. शेवटी नोंदणी मिळाली २०१४ मध्ये, तीसुद्धा दस्तऐवजात बदल करून घेतल्यावर. प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) कोण बसणार, बाहेरच्यांशी किती मिसळायचं, हे एखाद्या कमिशनने तपासावं का? मला हे मान्य नाही, आणि कितीही चांगला हिशेब मिळणार असेल तरी त्या बदल्यात हे मला नको. अमेरिकेत चर्चला करसवलत मिळते पण इतर संस्थांसारखं वार्षिक विवरणपत्र भरावं लागत नाही, ते उगाच नाही.

शिवाय येशूने डोंगरावरच्या प्रवचनात काय सांगितलं, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको. तुम्ही तर दोन्ही हातांच्या सह्या मागताय.

मार्था:
रानवारा, ते वचन देणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्याने मिरवू नये एवढंच. घेणाऱ्याने हिशेब लपवावा असं त्यात कुठे आहे? घेणाऱ्यासाठी वाचायचंच असेल तर बायबलमधलं प्रेषित पौलाचं पत्र, २ करिंथ, त्याचा ८ वा अध्याय वाचा. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमा झाली तेव्हा पौल एकटा ती घेऊन निघाला नाही, मंडळ्यांनी स्वतः निवडलेला माणूस बरोबर घेतला आणि कारणही लिहून ठेवलं की कुणी आमच्यावर बोट ठेवू नये, देवासमोरच नाही तर माणसांसमोरही सगळं नीट असावं. पौलासारख्या माणसाला जर साक्षीदार लागतो तर आपल्या पाळकांना का नको?

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा ६ वा अध्याय सुद्धा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली. प्रेषितांनी ते काम स्वतःकडे ठेवलं नाही, सात जण नेमायला सांगितले, आणि निवडले मंडळीनेच. सातही नावं बघा, स्तेफन, फिलिप, निकानोर, सगळी ग्रीक. बहुतेक तक्रार करणाऱ्यांच्याच बाजूचे लोक असणार. आज किती चर्चांत प्रश्न विचारणाऱ्याला खजिनदार करतात? प्रश्न विचारला की तो फूट पाडणारा ठरतो.

निळी शाई:
तत्त्वाचं चालू द्या, मी मोजणीबद्दल बोलते कारण खरी गळती तिथेच होते. उपासना संपते, दानाच्या थैल्या वेस्ट्रीत (चर्चच्या बाजूच्या खोलीत) येतात, दार लोटलेलं असतं आणि एकच माणूस टेबलावर नोटा लावत बसतो. तो कितीही देवभीरू असो, त्याच्यावर हा अन्याय आहे, कारण उद्या पाचशे कमी निघाले तर त्याच्याकडे स्वतःला निर्दोष म्हणवायला काहीच नाही. दोघं पाहिजेत, आणि ती नवराबायको नकोत, एका घरातलीही नकोत. मोजायचं, लगेच चिठ्ठीवर आकडा लिहायचा, दोघांनी सही करायची, आणि त्यातून एक रुपयाही खर्च न करता सगळं बँकेत. "आधी फुलांचे देऊन टाकू, उरलेले भरू" हे बंद. आणि बँकेचं स्टेटमेंट चिठ्ठीशी जुळवणारा माणूस तिसराच हवा. यात सरकार कुठे आलं?

मला विचाराल तर नियम म्हणजे अविश्वास ही समजूतच चुकीची आहे, चांगल्या माणसाला सगळ्यात जास्त संरक्षण चिठ्ठीवरच्या दुसऱ्या सहीचंच असतं.

अबोली:
मोजणीचं पटलं. पण धागाकर्त्याला विचारते, ही माणसं आणायची कुठून? छोट्या मंडळीत जी बाई पेटी वाजवते तीच संडे स्कूल घेते, तीच चिटणीस असते. तिला वर सांगायचं की तू आता विश्वस्त, कायद्याने जबाबदार, संस्थेने करार केला आणि पैसा कमी पडला तर तुझ्या घरावर येऊ शकतं. ती दुसऱ्या दिवशी राजीनामा देईल, आणि तिच्या जागी येईल तो ज्याला पदाची हौस आहे. नियम वाढले की चांगली माणसं आधी जातात हे मी कळकळीने सांगतेय, कुणाला वाचवायला नाही.

दुसरं, मदतीची गुप्तता. कुणाच्या घरी दारूमुळे मारहाण आहे, पाळक तिला गुपचूप भाड्याचे पैसे देतात. हे व्हाउचरवर नावासकट आलं की ती परत कधी येणार नाही.

तिसरा बाक:
अबोली, दोन्ही मुद्दे वजनदार आहेत. जबाबदारीचं म्हणाल तर म्हणूनच संस्थेला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व द्यायचं, म्हणजे करार संस्थेच्या नावावर होतात, सभासदाच्या नाही. इंग्लंडमध्ये यासाठी २०१३ पासून धर्मादाय संस्थांसाठी खास वेगळा प्रकारच आहे. आणि तिथे लहान संस्थेला पूर्ण ऑडिटही लावत नाहीत, बाहेरच्या जाणत्या माणसाने तपासलं तरी चालतं. ओझं आकाराप्रमाणे असावं हे मला शंभर टक्के मान्य.

मदतीचं असं करता येतं. मंडळीसमोर फक्त एकूण आकडा, इतक्या कुटुंबांना इतकी मदत. नावं वेगळ्या बंद वहीत, ती पाळक आणि अजून एक विश्वासू व्यक्ती बघेल, तपासणाऱ्याला पावत्या दिसतील पण नावाच्या जागी क्रमांक. मदत घेणाऱ्या बाईची इज्जतही राहते आणि पाळकांची पण. ती दुसरी व्यक्ती शक्यतो बाई असावी असं माझं मत.

रानवारा, सिंगापूरबद्दल. बोर्ड होतं हे खरंय, पण दोषी ठरलेल्यांत बोर्डावर बसलेले आणि हिशेब सांभाळणारेच लोक होते! ज्यांनी पाळकांना "नाही" म्हणायचं तेच त्यांच्या शब्दावर चालणारे. कोर्टानेही मानलं की कुणी स्वतःचं घर भरलं नव्हतं. म्हणजे चोरीची वृत्ती नसतानाही एवढं झालं, कारण अडवणारं कुणी नव्हतं. माझा सगळा जोर त्यावरच आहे.

रानवारा:
मोजणी, दोन सह्या, बंद वही, हे सगळं घ्या, माझा विरोध नाही, हे मंडळीने स्वतःहून करावं. पण अडवणारी माणसं मंडळीने निवडलेली असावीत, बाहेरच्या कार्यालयाने नेमलेली किंवा हटवलेली नाही. इथे मी हटणार नाही.

मार्था:
मग निवडणूक खरी घ्या. मुदत ठरवा, तीन वर्षं, फार तर दोनदा, नंतर सक्तीने एक वर्ष बाहेर. अनेक ठिकाणी खजिनदार वीस वीस वर्षं तोच आणि वही त्याच्या घरी कपाटात. तुमच्याकडे सभासदांची यादी तरी अद्ययावत आहे का? मतदान कुणी करायचं यावरूनच अर्धी भांडणं कोर्टात जातात. कुणाचं नाव कधी चढतं, कधी कमी होतं, किती महिने आला नाही तर काय, हे चर्चच्या घटनेत (नियमावलीत) आधी लिहा, निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात नाही.

रानवारा:
यादीचं खरंय. आमच्याकडे वारलेल्यांची नावं अजून आहेत, आणि नवीन तरुण पोरं गेली कित्येक वर्षं फक्त "येणारे" म्हणून लिहिलीत. येत्या बैठकीत हा विषय मी मांडतो. घटनेतलं ते कलम कसं लिहायचं, कुणाकडे नमुना असेल तर इथे टाका.