आधी पॅड बघा, मग मशीन

घोडबंदरच्या दादांनी विचारलंय, गाडी चकाकवायच्या ८ मिमी थ्रोच्या डीए पॉलिशरवरून (पॅड फिरता फिरता डोलतो ते मशीन; थ्रो म्हणजे त्या डोलण्याचा घेर) १५ वर जावं का. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी 'घेऊन टाका' म्हटलंय. मी म्हणेन, थांबा. बॅकिंग प्लेटच्या (पॅड चिकटतो ती तबकडी) कडेला मार्करने एक रेघ मारा आणि बॉनेटवर मशीन चालवा. रेघ गोल फिरताना दिसली तर मशीन ठीक आहे. नुसती थरथरत एका जागी राहिली तर पॅड अडकतोय. बऱ्याचदा दोष जास्त दाबाचा, नाहीतर कंपाउंड (घासायची पेस्ट) बसून घट्ट झालेल्या पॅडचा असतो. दर पॅनलनंतर तो ब्रशने झाडा.

१५ मिमीवालं बॉनेट, छत भराभर उरकतं, हे खरंच. पण बंपरच्या वळणांवर तेच जास्त अडकतं. म्हणून घेतलंत तरी जुनं विकू नका. रोटरीच्या (पॅड न डोलता नुसता गोल फिरतो ते मशीन) नादी तर लागूच नका. कडांवर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पातळ असतो, बघता बघता उडतो.

आणि सोसायटीत टँकरचं पाणी येतं म्हणालात ना? मग त्या पाण्याच्या क्षारांनी गाडीवर पडलेल्या पांढऱ्या डागांसाठी मशीन कशाला? आधी पातळ केलेलं व्हिनेगर लावून बघा, सावलीत, आणि लगेच धुऊन टाका.