फेब्रुवारीत कॅनडा: आई आणि लहान मुलीसह अडीच आठवड्यांत काय पाहावे?

प्रश्न (पुण्याहून)

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी, पत्नी, माझी ६८ वर्षांची आई आणि ९ वर्षांची मुलगी असे चौघे जण अडीच आठवड्यांसाठी कॅनडाला जाण्याच्या तयारीत आहोत. पत्नीचा भाऊ मिसिसागाला राहतो, त्यामुळे सुरुवात आणि शेवट टोरांटोलाच होईल. उन्हाळा सोडून हिवाळा निवडण्याचे कारण असे की आईला अरोरा, म्हणजे उत्तरेच्या आकाशातला तो प्रकाश, स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची फार वर्षांची इच्छा आहे, आणि मुलीला गोठलेल्या तळ्यावर चालायचे आहे.

माझा आराखडा असा आहे: टोरांटोहून रेल्वेने निघून रॉकी पर्वतातल्या जॅस्परला उतरावे, तेथे गाडी भाड्याने घेऊन त्याच पर्वतातले बॅन्फ पाहावे, रस्त्यानेच व्हँकुव्हर गाठावे, मग अरोरासाठी विमानाने उत्तरेतले यलोनाइफ, आणि परतताना क्युबेक सिटीचा हिवाळी उत्सव व नायगारा. हे एवढ्या दिवसांत बसेल का? मी भारतात अनेक वर्षे गाडी चालवली आहे, पण हिमात कधीही नाही. आईला मधुमेह असून ती इन्सुलिन घेते. कपडे येथून घ्यावेत की तेथे, याबद्दलही अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (कॅल्गरीहून)

आपण लिहिलेली ठिकाणे एकाहून एक सुंदर आहेत, पण सगळी एका हिवाळी प्रवासात घालू नयेत असे मी आग्रहाने सांगेन. टोरांटो ते व्हँकुव्हर ही ‘द कॅनेडियन’ गाडी ४,४६६ किलोमीटर धावते, म्हणजे आपल्या दिब्रुगड–कन्याकुमारी विवेक एक्स्प्रेसपेक्षाही जास्त, आणि वेळापत्रकाप्रमाणे तिला चार रात्री लागतात. ती आठवड्यातून दोनदाच सुटते. रूळ मालगाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे असल्यामुळे प्रवासी गाडीला वाटेत मालगाड्यांसाठी थांबावे लागते, आणि काही तासांचा उशीर ही येथे नेहमीची बाब समजली जाते. उन्हाळ्यात उजेड रात्री उशिरापर्यंत असल्याने उशिराचे फारसे वाटत नाही. फेब्रुवारीत मात्र जॅस्परच्या आसपासचा डोंगरांचा सर्वांत देखणा टप्पा, माउंट रॉब्सनसकट, दुपारऐवजी अंधारात निघून जाऊ शकतो. गाडी स्वतः फार छान आहे. १९५४–५५ च्या सुमारास बांधलेले तिचे स्टीलचे डबे आणि वरचा काचेचा घुमट पाहण्यासारखा आहे. ज्यांना प्रवास हेच उद्दिष्ट आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. आपले दिवस मोजके आहेत, म्हणून टोरांटो ते कॅल्गरी विमानानेच यावे.

आता गाडी चालवण्याविषयी. जॅस्पर ते लेक लुईझ हा सुमारे २३० किलोमीटरचा आइसफील्ड्स पार्कवे उन्हाळ्यात स्वर्गीय आहे, पण हिवाळ्यात त्यावर मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, वाटेत पेट्रोल मिळत नाही, आणि १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात हिवाळी टायर कायद्यानेच बंधनकारक असतात. हिम हटवण्याचे काम तेथे दिवसाउजेडीच चालते. पहिल्यांदाच हिमात गाडी चालवणाऱ्याने, तेही आई आणि मुलीला घेऊन, या रस्त्यावर जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

बॅन्फहून व्हँकुव्हरला रस्त्याने जाण्याबद्दलही तेच म्हणेन. वाटेत रॉजर्स पास ही डोंगरातली खिंड लागते. तेथे ४ मार्च १९१० च्या हिमस्खलनात रेल्वेमार्ग मोकळा करणारे ५८ कामगार गाडले गेले. आजही तेथे हिवाळाभर कॅनडाच्या लष्कराचे तोफखान्याचे जवान तैनात असतात, आणि डोंगरउतारावर साचलेले हिम धोकादायक होण्याआधीच १०५ मिलिमीटरच्या तोफांचे गोळे टाकून ते मुद्दाम खाली पाडले जाते. त्या वेळी महामार्ग बंद असतो, आणि तो केव्हा उघडेल हे हवामान ठरवते. ठरलेल्या दिवशी पुढचे विमान पकडायचे असेल तर असा मार्ग निवडू नये.

त्याऐवजी बॅन्फलाच चार-पाच दिवस मुक्काम करावा. कॅल्गरी विमानतळावरून बॅन्फला थेट बस मिळते. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर आहे. बॅन्फहून लेक लुईझला स्थानिक बस हिवाळ्यातही चालते. लेक लुईझ फेब्रुवारीत जाड गोठलेले असते, हॉटेलसमोरचा भाग स्केटिंगसाठी साफ करून ठेवतात, आणि आपल्या मुलीची इच्छा तेथे निश्चित पूर्ण होईल. आईंसाठी सल्फर माउंटनचा गोंडोला, म्हणजे तारेवरून वर जाणारा बंद पाळणा, सर्वांत सोयीचा. आठ मिनिटांत माणूस वर पोहोचतो आणि न चालता सहा पर्वतरांगा दिसतात. मोरेन लेकचे छायाचित्र पाहून आपण ते यादीत घालण्याच्या विचारात असाल, तर तो रस्ता ऑक्टोबरच्या मध्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बंद असतो.

एक विशेष सूचना. आमच्याकडे चिनूक नावाचा उबदार वारा डोंगर उतरून येतो आणि काही तासांत तापमान वीस अंशांनीही वाढवतो. दिवसा वितळलेले हिम रात्री पुन्हा गोठते आणि सकाळी पदपथ काचेसारखे होतात. बुटांना खालून बांधायचे काटेरी पट्टे येथे कोणत्याही क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतात. आईंसाठी ते पहिल्याच दिवशी घ्यावेत.

उत्तर २ (यलोनाइफमध्ये काही वर्षे नोकरी केलेला)

अरोराबद्दल लिहितो. आपण यलोनाइफ निवडले ते योग्यच आहे. सूर्याकडून आलेले विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवाभोवतीच्या एका वर्तुळाकार पट्ट्यात ओढले जातात, आणि सुमारे शंभर किलोमीटरच्या वर ऑक्सिजनशी टक्कर झाली की तो ओळखीचा हिरवा प्रकाश दिसतो. यलोनाइफ साधारण ६२ अंश उत्तर अक्षांशावर, अगदी या पट्ट्याखाली आहे. शिवाय आजूबाजूचा प्रदेश सपाट आणि हिवाळ्यातली हवा कोरडी असल्याने आकाश बरेचदा निरभ्र असते. तरीही एखादी रात्र ढगांत जाणारच, म्हणून किमान तीन, शक्य झाल्यास चार रात्री ठेवाव्यात. तिथीही पाहून घ्यावी, कारण पौर्णिमेच्या आसपास फिका अरोरा चांदण्यात हरवतो. कमी तेजाचा अरोरा डोळ्यांना राखाडी ढगासारखाच दिसतो, आणि कॅमेऱ्यात मात्र हिरवा येतो. हे आईंना आधीच सांगून ठेवले तर पहिल्या रात्री त्यांची निराशा होणार नाही. तो जेव्हा खरोखर तेजस्वी होतो तेव्हा डोक्यावर पडद्यासारखा हलतो, आणि त्यासाठी कोणत्याही कॅमेऱ्याची गरज राहत नाही.

थंडीची भीती बाळगू नये, पण तिचा हिशेब मात्र नीट करावा. उणे ३० अंश तापमानात ताशी २० किलोमीटरचा वारा असला तर अंगाला उणे ४३ अंशांसारखी थंडी लागते, आणि उघडी त्वचा पाच-दहा मिनिटांत गोठू शकते. म्हणून अरोरा पाहण्याच्या सहली तापवलेल्या तंबूंच्या किंवा लाकडी झोपड्यांच्या जागीच घ्याव्यात, म्हणजे आई आत बसतील आणि प्रकाश दिसू लागला की बाहेर येतील. पुण्याहून फक्त आतले कपडे आणावेत, मेरिनो लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे. सुती बनियन अजिबात नको, कारण घामाने ओले झालेले सूत वाळत नाही आणि शरीराची ऊब खेचून घेते. जाड पार्का (टोपीचा उबदार कोट), बूट आणि हातमोजे यलोनाइफमध्येच भाड्याने मिळतात, आणि ते तेथल्या थंडीसाठीच बनवलेले असतात. बोटांचे हातमोजे न घेता चारही बोटे एकत्र राहतील असे घ्यावेत. बूट घट्ट नसावेत. जाड मोजे घालून बोटे हलली पाहिजेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. इन्सुलिन एकदा गोठले की वितळल्यावरही ते निकामीच समजायचे. विमानात ते चेक-इन सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावे, आणि बाहेर फिरताना पार्काच्या आत, शरीराला लागून असलेल्या खिशात ठेवावे. ग्लुकोमीटरही थंडीत नीट चालत नाही, तोही तसाच सांभाळावा. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असल्यास गारठ्याची जाणीव उशिरा होते, म्हणून आईंच्या पायांकडे प्रत्येक वेळी आत आल्यावर स्वतः लक्ष द्यावे. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे आणि असलेले आजार समाविष्ट करणारा प्रवास विमा घ्यावा.

दिवसा मोकळा वेळ मिळाला तर ग्रेट स्लेव्ह सरोवरावरून डेट्टा गावाकडे जाणारा बर्फाचा रस्ता जरूर पाहावा. गोठलेल्या पाण्यावरून मोटारी जातात आणि किती वजनाची गाडी चालेल याची पाटी रस्त्याच्या तोंडाशी असते. हे सरोवर ६१४ मीटर खोल आहे, उत्तर अमेरिकेतले सर्वांत खोल.

उत्तर ३ (ओटावाहून)

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण त्यांत पूर्वेकडच्या भागाचा विचार राहून गेला आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. टोरांटो, ओटावा, माँट्रियल आणि क्युबेक सिटी या शहरांमध्ये रोज अनेक रेल्वेगाड्या धावतात, थंडी साधारणपणे उणे दहा-पंधराची असते, आणि वृद्ध माणसाला दर थोड्या अंतरावर आत जाऊन बसण्याची सोय मिळते. व्हँकुव्हर काढून टाकले तर तेवढे दिवस येथे देता येतील.

क्युबेक सिटीचा कार्निव्हल, म्हणजे आपण लिहिलेला हिवाळी उत्सव, फेब्रुवारीच्या पूर्वार्धात भरतो. त्यातली सेंट लॉरेन्स नदीवरची होड्यांची शर्यत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. पूल होण्यापूर्वी लोक आणि टपाल याच पद्धतीने, तरंगत्या हिमखंडांवरून होडी ओढत आणि मध्येच पाण्यात वल्हवत, पैलतीराला जात असत. आपल्याला तो अनुभव सुरक्षितपणे घ्यायचा असेल तर समोरच्या काठावरच्या लेव्ही गावाची फेरीबोट हिवाळ्यातही बर्फ कापत चालते, आणि पलीकडून तटबंदीच्या आतले जुने शहर फार देखणे दिसते. जवळचा ८३ मीटर उंचीचा मॉन्मोरन्सी धबधबा नायगाराहून उंच आहे. त्याच्या तुषारांचा पायथ्याशी बर्फाचा शंकू तयार होतो.

ओटावाचा रिडो कालवा गोठला की ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट खुली होते. परंतु त्यावर बेत आखू नये. २०२२–२३ च्या हिवाळ्यात पुरेसा जाड बर्फच न झाल्याने ती, सुरू झाल्यापासून प्रथमच, एकही दिवस उघडली नाही. आमच्यासारख्या येथे राहणाऱ्यांना ही गोष्ट फार लागली. नायगारा मात्र मेव्हण्यांच्या घरून एका दिवसात होईल. बोटी बंद असतात, पण काठावरची झाडे आणि कठडे तुषारांनी गोठलेले असतात.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आईला ही उत्तरे वाचून दाखवली. पायांविषयीची सूचना तिने स्वतःहून पुन्हा वाचायला लावली. आता व्हँकुव्हर आणि गाडी चालवणे दोन्ही रद्द केले आहे. क्रम कसा ठेवावा, आधी पूर्व की आधी यलोनाइफ?

उत्तर १ (कॅल्गरीहून)

आधी कार्निव्हलच्या तारखा पाहून क्युबेक उरकावे, म्हणजे सौम्य थंडीत अंगाला सवय होईल आणि कपड्यांतल्या उणिवाही लक्षात येतील. मग कॅल्गरीला विमानाने येऊन बॅन्फ, आणि कॅल्गरीहूनच थेट विमानाने यलोनाइफ. ते उड्डाण अडीच तासांच्या आतले आहे. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी टोरांटोत दोन मोकळे दिवस ठेवावेत, कारण हिमवादळात उड्डाणे रद्द होतात. नायगारा त्याच दोन दिवसांत करता येईल.