शाळेत फिट आली तर स्प्रे कोणी, कधी, किती मारायचा? (ग्वाल्हेर)

लश्करची_ताई
नमस्कार. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात विशेष मुलांची शाळा आहे. ३१ मुलं, त्यातली ७ फिटच्या औषधांवर, दोघं टोपिरामेट घेतात. चौघांना डॉक्टरांनी मिडॅझोलॅमचा (फिट थांबवायच्या औषधाचा) नाकातला स्प्रे लिहून दिलाय, पण तो ऑफिसच्या कपाटात कुलपात आणि किल्ली मोठ्या बाईंकडे. मावशी अजूनही दातांत चमचा घालायला धावतात. वर एप्रिलचं ऊन. वर्गात लावायला एका पानाचे नियम करायचे आहेत. काय लिहू?

मुरारकर_नर्सिंग
पहिलं काम घड्याळ बघायचं. फिट किती वेळ चालली हे अंदाजाने सांगणारा माणूस दोन मिनिटांची दहा करतो, आणि पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. म्हणून वर्गात सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ हवंच.

मग मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेली ओढणी, गळ्याचं बटण सैल, चष्मा काढा, बाकं बाजूला. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही नाही. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात मात्र तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जातो. कांदा, चप्पल हुंगवण्यात तर नुसता वेळ जातो.

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. ५ मिनिटं झाली की स्प्रे आणि १०८ एकदमच: एकीने स्प्रे मारायचा, दुसरीने फोन. पण पहिल्यांदाच फिट आली, पडून डोक्याला लागलं, शुद्ध न येता दुसरी सुरू झाली किंवा ओठ निळे पडले, तर पाच मिनिटं मोजत बसू नका, लगेच १०८. एखाद्या मुलाच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ लिहून दिली असेल तर तीच पाळा.

मात्रेत घोळ होतो तो असा. साधारण हिशोब किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ४ मिलिग्रॅम. पण बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात, एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅमची आणि १.२५ ची. पहिलीचे ८ फवारे, दुसरीचे साधारण ३. पालकांनी नवी बाटली दुसऱ्या ताकदीची आणली आणि कागदावर जुनाच ‘८’ राहिला, तर दुपटीहून जास्त औषध गेलं. म्हणून डॉक्टरांकडून ‘या बाटलीचे इतके फवारे’ असंच लिहून घ्या आणि ती पट्टी बाटलीलाच चिकटवा. फवारे दोन्ही नाकपुड्यांत अर्धे अर्धे. नवी बाटली आधी हवेत तीन-चार वेळा मारून बघायची, आणि उलटी धरायची नाही. नळीत हवा शिरते, औषध निघत नाही. स्प्रेनंतर मूल गाढ झोपतं, श्वास मंदावू शकतो. अँब्युलन्स येईपर्यंत एकीने छातीकडे बघत बसायचं. पूर्ण जाग येईपर्यंत पाणीसुद्धा नाही.

आणि ते कुलूप काढा. मुलांच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर, बिनकुलपाच्या डब्यात ठेवा.

थाटीपूरचा_काका
उन्हाचं मी सांगतो. टोपिरामेटने (झोनिसामाइड या फिटच्या दुसऱ्या औषधानेही) काही मुलांना घाम कमी येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा हे फार जड जातं. अंग तापलेलं, चेहरा लाल आणि कातडी कोरडी दिसली की बाई ‘ताप आलाय’ म्हणून पॅरासिटामॉल देतात. त्या गरमीवर ते चालत नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून पंखा लावा, काखेत ओले फडके. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी. मूल पेंगुळलं किंवा बरळायला लागलं तर १०८.

टोपिरामेट घेणाऱ्या दोघांना व्हॅनमध्ये सगळ्यात शेवटी बसवा आणि सगळ्यात आधी उतरवा. मैदानाचा तास सकाळी ९ च्या आत. कूलर कोरड्या उन्हात झकास, पण जुलैच्या दमट हवेत त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

कंपू_वाली
बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा, कडी बाहेरूनही सरकवता येईल अशी. आत उघडणाऱ्या दारामागे मूल पडलं की दार ढकलताच येत नाही. सुताराचं एका दिवसाचं काम आहे.

लश्करची_ताई
खूप आभार सगळ्यांचे. अजून एक, दुपारची गोळी शाळेत देतो. दोन मुलं गिळत नाहीत, केळ्यात कुस्करून दिली तर चालेल?

मुरारकर_नर्सिंग
पाकिटावर ‘सीआर’, ‘ईआर’ किंवा ‘क्रोनो’ असेल तर कुस्करू नका. ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते. कुस्करली की सगळं औषध एकदम अंगात. डॉक्टरांकडून गोळीऐवजी सिरप लिहून घ्या. फेनिटॉइनचं सिरप असेल तर दर वेळी बाटली चांगली हलवा, औषध तळाशी बसतं. आणि वजन दर तीन महिन्यांनी शाळेतच करा. वाढलं असेल तर पालकांच्या हाती डॉक्टरांना चिठ्ठी पाठवा. फवाऱ्यांचा नवा आकडा आला की स्प्रेच्या बाटलीवरची जुनी पट्टी खोडू नका, काढूनच टाका.