शेफील्डहून शनिवार-रविवारी छोटी फुटबॉल मैदानं बघायची आहेत, सुरुवात कुठून करू?

कोपराध्वज

शिक्षणासाठी वर्षभर शेफील्डला आहे. मोठ्या स्टेडियमपेक्षा गावागावातली छोटी मैदानं, तिथल्या मॅचेस बघण्यात जास्त रस आहे. इथे याला ग्राउंडहॉपिंग म्हणतात एवढंच कळलंय. गाडी नाही, बस आणि ट्रेनवरच भिस्त. कोणत्या पातळीपासून सुरुवात करावी? मॅच कुठे, किती वाजता, हे खात्रीने कुठे कळतं? हिवाळ्यात ऐनवेळी मॅच रद्द होते म्हणतात, ते कसं टाळायचं? आणि पार्कातल्या मॅचला अनोळखी माणूस नुसता बघत उभा राहिला तर चालतं का?

चिखलपाय

आधी इंग्लिश फुटबॉलची उतरंड समजून घ्या. वरचे चार डिव्हिजन म्हणजे 92 क्लब. त्यांच्याखाली नॉन-लीग सुरू होतं आणि तिथे पातळीला 'स्टेप' म्हणतात. स्टेप 1 म्हणजे नॅशनल लीग, म्हणजेच एकूण उतरंडीतली पाचवी पातळी. नवखे लोक इथेच गोंधळतात. 'स्टेप 5' ऐकून पाचवी पातळी समजतात, प्रत्यक्षात ती नववी असते.

तुम्ही सुरुवात स्टेप 5 आणि 6 पासून करा. तुमच्या भागात ती नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीग. इथे नियमाप्रमाणे मैदानाला कुंपण, खेळपट्टीभोवती कठडा, फ्लडलाइट आणि थोडं तरी छप्पर असतं, त्यामुळे 'मैदान' बघितल्यासारखं वाटतं. तिकीट साधारण 6 ते 10 पौंड. आधी काढायची गरज नसते, फाटकावर मिळतं. मात्र काही ठिकाणी फक्त रोख चालते, काही ठिकाणी फक्त कार्ड, म्हणून दोन्ही जवळ ठेवा. दोन्ही संघांचे पाठीराखे बहुतेक ठिकाणी वेगळे बसवत नाहीत. मध्यंतरात लोक आपापला गोल बदलून पलीकडे जाऊन उभे राहतात, तुम्हीही जा.

त्याखाली स्टेप 7, तुमच्याकडे शेफील्ड अँड हॅलमशर काउंटी सीनियर लीग. तिथून पुढे मैदान म्हणजे कधी वर्किंग मेन्स क्लबमागचा (कामगारांच्या करमणुकीच्या क्लबमागचा) तुकडा, कधी शाळेचं, कधी पालिकेचं पार्क. तिकीट बहुधा नाहीच, आणि माहिती मिळवण्याचं काम सर्वस्वी तुमचं.

शेफील्डला आहातच तर तीन मैदानं आधी उरकून घ्या. हॅलम एफसीचं सँडीगेट: 26 डिसेंबर 1860 ला तिथे पहिली मॅच झाली, जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून त्याची नोंद आहे. खेळपट्टीचा उतार टीव्हीवर दिसत नाही, कॉर्नरला उभं राहिलं की कळतो. दुसरं शेफील्ड एफसीचं. 1857 चा क्लब, जगातला सर्वांत जुना, पण 2001 पासून खेळतो डर्बीशरमधल्या ड्रॉनफिल्डला. क्लबच्या नावावरून मैदानाचा पत्ता धरू नये याचं याहून चांगलं उदाहरण नाही. तिसरं स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सचं ब्रॅकन मूर. इंग्लंडकडून खेळलेला स्ट्रायकर जेमी वार्डी तिथून पुढे आला, एका स्टँडला त्याचं नाव आहे. उंचावर आहे, वारा बोचतो, मे महिन्यातसुद्धा जाकीट न्या.

दुपारीतीन

वेळ आणि रद्द होण्याबद्दल लिहितो, कारण या छंदातली निम्मी मेहनत तिथेच जाते.

स्टेप 6 पर्यंत शनिवारी दुपारी 3 ही जवळपास ठरलेली वेळ. त्याखाली बहुधा फ्लडलाइट नसतात. डिसेंबरमध्ये शेफील्डला पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. 90 मिनिटं, मध्यंतराची 15 आणि वाया गेलेला वेळ धरून मॅचला एक तास पन्नास मिनिटं लागतात. म्हणून हिवाळ्यात खालच्या लीगमधल्या मॅचेस दीड-दोनलाच सुरू होतात. 3 ची वेळ गृहीत धरून गेलात तर दुसरा हाफ सुरू झालेला असतो.

खालच्या लीगचं वेळापत्रक एफएच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या, फुल-टाइम साइटवर असतं. त्यातल्या तीन खोड्या लक्षात ठेवा. एक, तिथे बऱ्याचदा लीगची नेहमीची वेळच छापलेली असते, यजमान संघाने बदललेली वेळ चढवलेली नसते. दोन, राखीव संघ, म्हणजे क्लबचा 'रिझर्व्ह', मुख्य मैदानावर खेळेलच असं नाही. तीन, पोस्टकोड. तो कधी अख्ख्या पार्काचा असतो आणि पार्कात आठ खेळपट्ट्या असतात, कधी जुन्या मैदानाचाच राहून गेलेला असतो. सॅटेलाइट नकाशा उघडून स्टँडचं छप्पर किंवा फ्लडलाइटच्या खांबांच्या सावल्या दिसतात का बघा. काहीच दिसलं नाही तर क्लबला मेसेज करून विचारा. छोटे क्लब उत्तर देतात, उलट कुणीतरी बघायला येतंय म्हणून खूश होतात.

आता रद्द होणं. पाऊस आणि गोठणं ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. पाणी साचलं की चेंडू घरंगळत नाही, जागच्या जागी थांबतो. पंच हेच तपासतात, विशेषतः गोलसमोरच्या तुडवलेल्या भागात. चिकणमातीची खेळपट्टी दोन दिवसांपूर्वीच्या पावसानेही बंद पडू शकते, कारण खाली निचराच नाही. गोठण्याचं उलट. नव्वद टक्के खेळपट्टी उन्हाने मऊ झाली तरी स्टँडच्या सावलीतला पट्टा दगडासारखा राहतो, आणि तेवढ्यावर मॅच रद्द होते. तपासणी बहुधा सकाळी होते, कधी दुसरी तपासणी दुपारी बारानंतर. पालिकेच्या मैदानांचं निराळंच: पालिका शुक्रवारीच सगळी मैदानं एकदम बंद करते, मग त्या पार्कातला एकही सामना होत नाही.

उपाय एकच, दोन मैदानं धरून निघायचं. एक गवताचं आणि त्याच दिशेला, त्याच बसमार्गावर एखादं 3जी, म्हणजे कृत्रिम गवताचं. पावसात 3जी सहसा टिकतं. हिमवर्षावात किंवा कडक गोठणात तेही बंद होतं, तेव्हा त्यावर आंधळा भरवसा नको. निघण्याआधी यजमान क्लबचं सोशल मीडियाचं खातं बघा, ट्रेन बदलताना पुन्हा बघा. पाहुण्या संघाचंही बघा. यजमान मैदानावर चिखल उपसत असतात, बातमी आधी टाकतात ते पाहुणे.

कप मॅच असेल तर जादा वेळेची 30 मिनिटं आणि पेनल्टी धरून परतीची बस ठरवा. रविवारी रेल्वेची दुरुस्तीची कामं फार, ट्रेनऐवजी बस येते आणि वेळ दीडपट होतो. 16-25 रेलकार्ड काढा, भाड्यात एक-तृतीयांश सूट मिळते. वय जास्त असलं तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते मिळतं.

बाजूरेषा

पार्कातल्या मॅचबद्दल: चालतं. सार्वजनिक जागा आहे, कुणी हाकलत नाही. पण कुठे उभं राहायचं याचं भान हवं. दोरी किंवा पट्टी लावली असेल तर तिच्या मागे. लावली नसेल तरी बाजूरेषेपासून दोनेक मीटर लांब, आणि प्रशिक्षक-बदली खेळाडू असतात त्याच्या समोरच्या बाजूला. गोलच्या मागे उभं राहू नका. तिथे जाळं असलं तरी चेंडू बाहेर येतोच, शिवाय गोलरक्षकाला तुम्ही खुपता. लाइन्समन बहुधा क्लबचाच कुणीतरी असतो, त्याच्याशी ऑफसाइडवर वाद घालायचा मोह आवरा.

खेळणारे 18 वर्षांखालचे असतील तर फोटो काढण्याआधी विचारा. मुलांच्या मॅचला लांब लेन्स घेऊन एकटा अनोळखी माणूस दिसला की कुणीतरी येऊन चौकशी करणार, आणि ते योग्यच आहे. मैदानाचेच फोटो हवे असतील तर मॅच सुरू व्हायच्या आधी, रिकाम्या स्टँडचे घ्या. तेच नंतर बघायला जास्त आवडतात.

पायात ट्रेकिंगचे बूट. पार्कात बाजूरेषेजवळचा भाग खेळपट्टीपेक्षा जास्त चिखलाचा असतो, कारण सगळे तिथेच येरझाऱ्या घालतात.

कोपराध्वज

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं, 'मैदान झालं' कधी मोजायचं? अर्धी मॅच बघून निघालो तर?

चिखलपाय

पूर्ण 90 मिनिटं. अर्ध्यात निघालात तर मैदान बघितलं, मोजलं नाही.

बाजूरेषा

हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. काहींना गोल बघितल्याशिवाय मैदान मोजायचंच नसतं, 0-0 झालं की पुन्हा यायचं. हे मला अतिरेकी वाटतं. बाकी एकच पथ्य पाळा, सुरुवातीला जो नियम ठरवाल तो मध्येच बदलू नका. क्लब नव्या मैदानावर गेला की नवी नोंद. एकाच मैदानावर दोन क्लब खेळत असतील तर मैदान एकच.

नोंदवहीत तारीख, लीग, संघ, स्कोअर आणि प्रेक्षकसंख्या टाका. स्टेप 7 खाली प्रेक्षकसंख्या जाहीर करत नाहीत, ती आपणच मोजायची: पहिल्या हाफच्या मध्यावर, बदली खेळाडू वगळून. कुत्री वेगळी मोजणारेही आहेत. फ्युटबॉलॉजी नावाचं ॲप आहे, नकाशा आपोआप भरत जातो, पण अगदी खालची मैदानं त्यात सापडतीलच असं नाही.

दुपारीतीन

@कोपराध्वज, गाडी नसताना एका दिवसात जास्त मैदानं हवी असतील तर लीगने ठरवलेले 'हॉप' शोधा. त्या दिवशी मॅचेसच्या वेळा मुद्दाम पुढेमागे ठेवतात, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत तीन-चार मैदानं होतात, कधी बसचीही सोय असते. आणि मोठ्या लीगना आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी असते अशा एका शनिवारी नॉन-लीग डे असतो, 2010 पासून. त्या दिवशी बरेच क्लब तिकीट स्वस्त करतात.

अजून एक, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये क्रिकेट क्लबशी जागा वाटून घेणारी मैदानं तपासून घ्या. अशा ठिकाणी कठडा तीनच बाजूंना असतो, चौथ्या बाजूला क्रिकेटचा आउटफिल्ड, तिथे नुसती दोरी. क्रिकेटचा हंगाम संपेपर्यंत असे संघ बहुधा बाहेरच खेळतात, आणि वेळापत्रकात मॅच 'घरची' दिसत असली तरी ती भलत्याच गावात असू शकते.