सीईटी-नीटचा निकाल आणि घर : पालकांचे अनुभव

सीईटी (इंजिनीअरिंग) आणि नीट (मेडिकल) या प्रवेशपरीक्षांचा निकाल लागला, की ज्यांचे पेढे भरवतानाचे फोटो पेपरात येतात ती घरं वेगळी. बाकीच्या घरांत त्या दिवशी आणि नंतर काय चालतं, ते इथे लिहा. ‘मेहनतीला पर्याय नाही’ छापाचे सल्ले नकोत, घडलं ते सांगा.

नीटवाल्या मुलीची आई

आमचा निकाल ४ जून २०२४ चा, म्हणजे लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. नीटचा निकाल १४ तारखेला येणार म्हणून आम्ही टीव्हीवरचे आकडे बघत निवांत बसलेलो. संध्याकाळी लेकीला मैत्रिणीचा फोन आला. उत्तरसूचीवरून जुळवले होते तेवढेच गुण आले, ती खूश. मग रँक पाहिली. आदल्या वर्षी तेवढ्या गुणांवर सरकारी कॉलेज मिळालं असतं, यंदा रँक कुठल्या कुठे मागे. ७२० पैकी ७२० वाली ६७ मुलं आहेत हे कळल्यावर तर ती हसायलाच लागली.

पुढे कोर्ट, परीक्षेत वेळ वाया गेला म्हणून काहींना दिलेले ग्रेस गुण रद्द, त्या १,५६३ जणांना फेरपरीक्षेची मुभा. जुलैअखेर फिजिक्सचा एक प्रश्न उलटला : आधी दोन पर्याय बरोबर धरले होते, मग एकच राहिला. हिचा दुसरा. मिळालेले ४ गेले, वर निगेटिव्हचा १. रिपीट करायचं का, हे त्या काळात विचारायचं तरी कुठल्या निकालावर? शेवटी तिने फिजिओथेरपी घेतली. नातेवाईक अजून विचारतात, “थोडक्यात हुकलं ना?” ती हो म्हणते आणि विषय बदलते.

सीईटीवाल्याचा बाबा

पर्सेंटाइल म्हणजे काय हे आजोबांना समजावणं हा वेगळाच पेपर. ८१ ऐकून ते म्हणाले, “वा, डिस्टिंक्शन!” मग सांगितलं, हे शंभरातले गुण नव्हेत, ८१ टक्के मुलं याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, आणि हिशेब शिफ्टवार, म्हणजे परीक्षेच्या प्रत्येक सत्राचा वेगळा होतो. आजोबांनी विचारलं, “मग पुढे किती?” मुलगा म्हणाला, “भरपूर.”

खरी वादावादी कॅपचा (केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचची पसंतीक्रमाने यादी, भरताना. मी कॉलेज बघणार, तो ब्रँच. २०२५ च्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर ती जागा घ्यावीच लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला कुठलाही. ‘टाकून तर ठेवू’ला वावच नाही. म्हणून वाटणी केली : वरचे तीन त्याचे, खालच्या यादीत माझी लुडबुड. दुसऱ्या फेरीत त्याच्या यादीतलं मेकॅनिकल लागलं, तेही घरापासून लांब. मला ते अजून पटलेलं नाही. तो मजेत आहे.

एक आई, थोडक्यात

“निकालाची साइट उघडत नाहीये,” मुलगा म्हणाला. आम्हीही “लोड असेल” म्हणालो. साइट चालू होती, हे तिघांनाही माहीत होतं. रात्री जेवताना स्वतःच बोलला. त्याआधी विचारलं नाही, याचं मला बरं वाटतं.

जुळ्यांचा बाबा

सीईटीत मुलगा ९६ पर्सेंटाइल, मुलगी ६२. पेढे आणायचे का, यावरच आमचं नवराबायकोचं वाजलं. आणलेच, मुलीच्या हट्टाने. येणारे-जाणारे त्याचं अभिनंदन करून आवाज खाली आणत, “आणि हिचं?” ती ठणठणीत आवाजात, “बासष्ट. बसा ना.” विचारणाऱ्यांचीच पंचाईत व्हायची. सध्या दोघांची कागदपत्रं जमवतोय. आरक्षणासाठी लागणारा नॉन-क्रीमीलेअरचा दाखला मुलीचा आलाय, मुलाचा अडकलाय. त्याच्या मागे रोज ती जाते, हे महाशय झोपलेले असतात.